सरांच्या चाली कुणाकडे आहेत?

ताई, नमस्कार.

मी मूळची देवगड तालुक्यातली, लग्नानंतर डोंबिवलीत. आमच्या हायस्कूलचे संगीताचे सर यंदाच्या आषाढात गेले. वय बहात्तर. पाचवी ते दहावी आमच्या शाळेत जे काही गायलं गेलं, ते सगळं त्यांच्या पेटीवर. पंधरा ऑगस्ट असो, स्नेहसंमेलन असो, कुणाचा निरोप समारंभ असो. बरीचशी समूहगीतं सरांनीच लिहिलेली आणि चालही त्यांचीच. चिडले की सर मालवणीत यायचे. "चेडवा, सूर घराक ठेवन इलंस काय?" हे आमच्यातल्या प्रत्येक मुलीने एकदा तरी ऐकलंय. 2011 साली ते निवृत्त झाले, त्यानंतर संगीताची जागा भरलीच गेली नाही.

सर गेल्यावर आमच्या 1995 च्या बॅचने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. मागचेपुढचे विद्यार्थीही आले. 3 लाख 40 हजार रुपये जमले आणि तिथून वाद सुरू झाले. कुणाला शाळेच्या आवारात अर्धपुतळा हवाय, कुणाला प्रवेशद्वारावर सरांच्या नावाची कमान, कुणाला मुंबईहून नामवंत गायक आणून मैदानावर ऑर्केस्ट्रा. अशातच एकाने लिहिलं, "माझा एक रुपया नाही. नववीत सरांनी सगळ्यांसमोर बेसूर म्हणून मला समूहगानातून बाहेर काढलं. त्यानंतर मी गायलो नाही." सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो ग्रुप सोडून गेला.

सरांचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, बाबांची पेटी शाळेला देऊ, काचेच्या कपाटात ठेवा. काकू काहीच बोलत नाहीत. घरात गाण्यांच्या आठ-नऊ वह्या आहेत. आमच्यातला एक जण गावातच असतो, दशावतारात पेटी वाजवतो. तो ग्रुपवर आहे, पण काही लिहीत नाही.

गणपतीनंतर श्रद्धांजली सभा आहे आणि मला बोलायला सांगितलंय. काय केलं म्हणजे सरांचा खरा मान राहील? आणि मी काय बोलू?

(एक राहिलं. गेल्या वर्षी सरांनी मला आवाजी निरोप पाठवला होता, चाळीस सेकंदांचा. आमच्या वेळच्या एका समूहगीताचं ध्रुवपद गुणगुणले आणि म्हणाले, "ह्येचो अंतरो तुका आठवता काय गो?" मी हात जोडल्याची खूण पाठवली. रात्री निवांत गाऊन पाठवते म्हटलं आणि विसरले. आता सरांचा फोन काकूंकडे असतो. मला तो निरोप पुन्हा ऐकवत नाही.)

— एक माजी विद्यार्थिनी

•

कंसातलं आधी घेते, कारण पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तिथे ठेवली आहे.

तो निरोप ऐकवत नसेल तर आज ऐकू नका. पण आजच्या आज तो व्हॉट्सअॅपच्या बाहेर काढून ठेवा. स्वतःलाच ईमेल करा, मुलाला सांगून संगणकावर उतरवून घ्या, बहिणीकडे एक प्रत द्या. फोन बदलताना असल्या गोष्टी कुठे जातात ते कळतही नाही. माझ्या वडिलांच्या आवाजातली "जेवलीस का" एवढीच तीन सेकंदं माझ्याकडे होती, ती अशीच गेली.

हे झाल्यावर जरा थंड डोक्याने बघा, सरांनी काय विचारलं होतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच बांधलेल्या गाण्याचं ध्रुवपद गुणगुणतो आणि तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनीला अंतरा विचारतो. तुम्ही धरून चालला आहात की सर तुमची परीक्षा घेत होते, आठवण काढत होते, आणि तुम्ही नापास झालात. मी 26 वर्षं रत्नागिरीजवळच्या शाळेत मराठी शिकवलं. उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारणाऱ्या मास्तराचा आवाज वेगळा असतो, त्यात एक खोडकर दबा असतो. ऐकायचा धीर झाला की तेवढंच ऐका. माझा कयास असा की सरांना अंतऱ्याची चाल खरंच आठवत नव्हती. ते तुमच्याकडे ती मागत होते.

शाळेतले संगीतशिक्षक वहीत काय लिहून ठेवतात ते मी पाहिलंय. गाण्याचे शब्द असतात. वर कोपऱ्यात राग, ताल आणि पट्टी, "भूप, दादरा, काळी चार" एवढी टीप. फार तर एखाद्या अवघड जागेचे स्वर, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, वरच्या सप्तकाला माथ्यावर टिंब. सबंध चाल क्वचितच लिहिलेली असते. लिहायची गरजच नसते, समोर साठ पोरं ती गात असतात! चाल मास्तरांच्या डोक्यात आणि पोरांच्या गळ्यात. त्यातला एक धनी आता गेला. म्हणजे सरांनी आयुष्यभर बांधलेलं जे काही आहे ते आज देवगडपासून डोंबिवलीपर्यंत पंचेचाळिशी-पन्नाशीच्या गळ्यांत विखुरलेलं आहे. त्यातले काही गळे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उरणार नाहीत. पुतळ्याचं पुढच्या वर्षीही बघता येईल, या चालींचं मात्र लवकर बघायला हवं.

आणि मुहूर्त आयता आहे. गणपतीला सगळे चाकरमानी गावात. त्या आठ-दहा दिवसांत संध्याकाळच्या आरत्या नि रात्रीची भजनं सोडली तर दुपारी माणसं गप्पाच मारत बसलेली असतात. त्या दुपारी धरा. सगळ्यांना एका हॉलमध्ये मात्र बसवू नका. बॅचवार बसवा, तीन-चार जण एका वेळी, आणि दुसऱ्या बॅचचं ऐकण्याआधी त्यांचं गाऊन घ्या. एकत्र बसवलंत की ज्याचा आवाज मोठा त्याची चाल खरी ठरते, बाकीचे नकळत त्याच्या मागे जातात. 1988 च्या मुलांची चाल 1995 शी जुळणार नाही, 2003 ची आणखी तिसरीच निघेल. त्यावरून भांडू नका. सर दरवर्षी थोडं बदलत असणार, समोरच्या पोरांचा गळा बघून. तिन्ही ठेवा.

पंखा बंद, खिडकी बंद, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर (टेबलावर ठेवला तर हात आपटल्याचा आवाज येतो), आणि पहिल्यांदा गाताना पेटी नको. पेटी धरली की गळा पट्टीच्या मागे जातो, आठवण बाजूला राहते. सुरुवातीला गाणाऱ्याने स्वतःचं नाव, बॅच आणि तारीख सांगायची. एखाद्याला नुसतं ध्रुवपद येत असेल, एखादीला नुसतं शेवटचं कडवं, कुणाला फक्त मधला "ला ला ला". सगळं घ्या.

वह्यांचं त्याहून निकडीचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात कागदाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कोरड्या दिवशी, खिडकीच्या उजेडात, पानापानाचा फोटो काढा, कोरी पानं आणि मागचं पुठ्ठ्याचं पानसुद्धा, कारण मास्तर लोक महत्त्वाचं तिथेच खरडतात. उन्हात वाळवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका, आत राहिलेली ओल कागद खाते. कापडात गुंडाळून वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आणि फोटो काढायच्या आधी काकूंना आणि मुलाला विचारा. उपचार म्हणून नाही. गीतं सरांची, त्यामुळे त्यांचे हक्क वारसांकडे आले आणि कायद्याने ते निधनानंतर 60 वर्षं राहतात. उत्साहाच्या भरात कुणी यूट्यूबवर टाकून मोकळा झाला तर काकूंना ते शेजारणीकडून कळेल.

आता तुमचे तीन प्रस्ताव.

पुतळा नको. खाऱ्या हवेत ब्राँझ परवडणार नाही, सिमेंटचा दोन पावसाळ्यांत काळवंडतो, आणि पुतळा म्हटला की परवानगीचे कागद आले, ते फिरवणारा माणूस आला. तीन वर्षांनी सरांच्या नाकावरचा रंग उडालेला बघून तुम्हालाच रडू येईल. कमान नको, कमानीवरचं नाव कुणी वाचत नाही. ऑर्केस्ट्रा तर नकोच! सरांच्या आठवणीसाठी सरांच्या मैदानावर दुसऱ्याच कुणाच्या चाली वाजवायला तीन लाख?

मी हे शहाणपण फुकट शिकलेले नाही. आमच्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षकांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायला मीच पुढे होते. वर्गणी काढली, शिलालेखाच्या थाटात मजकूर लिहिला, अध्यक्ष आले, पडदा ओढला. चार वर्षांनी गेले तर तिथे सायकलींसाठी पत्र्याची शेड झाली होती, आणि पाटी वाचायची तर दोन सायकली बाजूला करून वाकावं लागत होतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पाटीला कुणाची रोजची गरज लागत नव्हती, एवढंच.

या बाबतीत गायक विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांचं मला फार कौतुक वाटतं. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तीस वर्षं देशभर शिष्य तयार केले, आणि 1931 साली ते गेले. शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, गुरूच्या पद्धतीने शिकवायला आणि परीक्षा घ्यायला. आज तालुक्याच्या गावी एखादी आठवीतली मुलगी प्रारंभिकचा, म्हणजे मंडळाच्या पहिल्या परीक्षेचा, फॉर्म भरते तेव्हा तिला पलुस्कर कोण ते ठाऊक नसतं कदाचित, पण भूपाचा आरोह ती त्यांच्यामुळे म्हणत असते.

आणि इथे मला तुमचं पत्र जरा खटकलं, रागावू नका. साडेतीन लाखांचा हिशेब त्यात आहे, पुतळ्याची बाजू आहे, ऑर्केस्ट्राची आहे. सरांनी शिकवलेल्या शेकडो पोरांपैकी जो एकटा आजही रात्र रात्र पेटी वाजवून पोट भरतो, त्याला तुम्ही एका ओळीत उरकलंत. "ग्रुपवर आहे, पण काही लिहीत नाही." काय लिहील तो? तिथे पाच-पाच, दहा-दहा हजारांचे आकडे पडतायत, इंग्रजीतून शोकसंदेश येतायत. 1940 साली आकाशवाणीने पेटीला दारातून बाहेर काढलं आणि ती बंदी उठायला तीसेक वर्षं गेली. आपल्याकडच्या भजनीबुवांनी आणि दशावतारी मंडळांनी तिला कधीच बाहेर काढलं नाही. सरांची विद्या त्याच रस्त्याने पुढे गेली आहे. त्याला फोन करा. ग्रुपवर नाव घालून बोलावू नका, फोन करा. जमलं तर घरी जा.

त्याच्याकडे दोन कामं आहेत. पहिलं, गोळा झालेल्या चालींचे स्वर बसवून लिहिणं. दशावतारात कधी कुठलं पद येईल ते आधी ठरलेलं नसतं. समोरचा नट जो सूर लावेल तो पकडून पेटीवाल्याला साथ द्यायची असते. तो कान चाली उतरवायला कामी येईल. स्वरलेखनाची सवय नसेल तर तालुक्याच्या गावी विशारद झालेलं कुणीतरी भेटेल, दोघांनी मिळून करावं.

दुसरं काम म्हणजे तास. 2011 पासून शाळेत संगीताचा तास नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ती जागा भरणं तुमच्या हातात नाही, पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास वर्ग मोकळा मिळणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे. दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर जत्रांबरोबर सुरू होतो तो पावसाच्या तोंडापर्यंत. त्या काळात त्याला शनिवारी सकाळी उभं करणं म्हणजे रात्रभर जागलेल्या माणसाचे हाल. पण जून ते ऑक्टोबर मंडळं बंद असतात, माणूस घरी असतो, कमाईही नसते. शाळा तेव्हाच सुरू होते. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यातली एक नोव्हेंबर-डिसेंबरला. पाच महिने शिकवायचं, मग मुलं परीक्षेला आणि तो जत्रेला. इतकं जुळून आलेलं गणित मला बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं.

पैशांचंही बघू. 3 लाख 40 हजारांतले 30 हजार पेटीची दुरुस्ती, वह्यांचं काम, चहापाणी यासाठी बाजूला काढा. उरले 3 लाख 10 हजार. मुदत ठेवीवर साडेसहा टक्के धरलेत तर वर्षाला 20 हजार 150 रुपये. गणपतीची सुट्टी वगळून अठरा शनिवार, दर शनिवारी हजार रुपये मानधन, झाले 18 हजार. उरलेल्यांतून ज्यांना झेपत नाही त्यांची परीक्षा फी. मानधन पाकिटात घालून सत्कारासारखं देऊ नका, महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा करा. व्याजदर खाली येतील, महागाई वाढेल, तेव्हा दरवर्षी गणपतीला ग्रुपने थोडी भर घालत राहावी. ठेव शाळेच्या संस्थेच्या नावे करणार असाल तर "व्याज फक्त संगीतवर्गासाठी" असा ठराव लिहून, सह्या घेऊन ठेवा. नाहीतर पाच वर्षांनी त्यातून पाण्याची टाकी येते. ठेव तुमच्याकडेच ठेवणार असाल तर तिघांच्या सहीचं खातं, त्यातला एक जण गावात राहणारा, आणि दर वर्षी हिशेबाचा कागद ग्रुपवर.

पालक मुलांना थांबू देणार नाहीत असं कुणीतरी म्हणेलच. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, हे पालकसभेत सांगा. सरांना हा युक्तिवाद आवडला नसता, पण पटावर नावं वाढली असती तर चालवूनही घेतला असता. मास्तर लोक तसे व्यवहारी असतात.

पेटी काचेच्या कपाटात ठेवू नका. मुलाचा भाव मी समजू शकते, वडिलांची वस्तू जपावी असं त्याला वाटतंय. त्याला फक्त हे दाखवा. पेटी उघडा आणि आतले पितळी रीड बघा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत न वाजलेल्या पेटीच्या रीडवर हिरवट थर चढतो, भात्याच्या घड्या चिकटतात, पावसात पट्टी फुगून खाली बसते ती वर येत नाही, आणि भात्याचं कातडं उंदराला आवडतं ते वेगळंच. वाजती पेटी यातलं बरंच टाळते, कारण भात्यातून रोज वारा फिरतो. काचेच्या कपाटात दोन वर्षं राहिलेली पेटी मग कुणी हौसेने उघडली तर पाच-सहा सूर मुके निघतील. कोल्हापूर-मिरजेकडे चांगले कारागीर आहेत, एकदा नेऊन भाता बदलून, सूर जुळवून आणा. कारागिराला एकच सांगा, सरांच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्या बदलू नको. माझा अंदाज आहे, काळी चारची पट्टी सगळ्यात झिजलेली निघेल, मुलींचं समूहगान बहुधा तिथूनच सुरू होतं. मग ती पेटी शनिवारच्या वर्गाला द्या, आणि दर रविवारी सकाळी ती काकूंच्या घरी परत जाते की शाळेतच राहते, ते काकूंना ठरवू द्या.

आता तो, ग्रुप सोडून गेलेला.

त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत तुम्ही होतात की नाही, ते पत्रात नाही. मी विचारतही नाही. पण तो खोटं बोलला असं तुमच्यापैकी कुणीच म्हटलेलं दिसत नाही. म्हणजे घडलं असणार. नववीतला मुलगा, वय चौदा. त्या वयात मुलांचा कंठ फुटतो, स्वरतंतू लांबतात, आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो आणि तो उतरत असताना काही महिने सूर हाताशी राहत नाही. कालपर्यंत लागणारा पंचम आज लागत नाही, आणि त्या पोराला ते का, हे कळत नाही. त्यात पेटी मुलींच्या पट्टीत लावलेली. तो बेसूर नसेलच बहुधा, अधांतरी असेल. हे संगीतशिक्षकाला कळायला हवं होतं. चांगले शिक्षक अशा मुलाला सहा महिने तबल्यावर बसवतात, झांज देतात, किंवा हळू आवाजात खालच्या सप्तकात गायला सांगतात. सरांनी त्याला बाहेर काढलं. स्पर्धा तोंडावर आली असेल, डोकं तापलं असेल. पण चुकले.

मला वाटतं, हे तुम्ही त्याला साध्या शब्दांत लिहावं. "तुझं खरं होतं, आम्ही बोललो ते चुकलं." त्यापुढे काही नाही. सभेला ये, वर्गणी दे, सरांना माफ कर, यातलं काही नाही. कंठ फुटण्याचं शास्त्रही त्याला समजावत बसू नका, विचारलं तर सांगा. गणपतीत तो गावात असला आणि दुपारच्या गाण्याच्या बैठकीकडे वाट वाकडी करून आला, तर चटई सरकवून जागा करा आणि आधीच चाललेलं गाणं चालू ठेवा. नाही आला तर नाही आला. आणि शनिवारच्या वर्गाचा एक नियम आत्ताच ठरवून टाका, कुणालाही बेसूर म्हणून बाहेर काढायचं नाही. नियम कुणामुळे आला ते सांगायची गरज नाही.

भाषणाचं थोडक्यात. चार मिनिटं. "संगीतक्षेत्राची अपरिमित हानी", "न भरून येणारी पोकळी", "सरस्वतीचा वरदहस्त" हे तुमच्या आधी बोलणारे तिघे म्हणून घेतील, तुम्ही सोडून द्या. एक गोष्ट सांगा, जवळून पाहिलेली. मला आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंचं आठवतं ते असं. राष्ट्रगीत 52 सेकंदांत झालं पाहिजे म्हणून त्या हातातलं घड्याळ काढून पेटीवर ठेवायच्या. सातशे पोरं मैदानावर उभी, आणि बाईंची नजर सेकंदकाट्यावर. 55 झाले तर पुन्हा. उन्हात तीनदा म्हटलंय आम्ही. बाईंच्या देशभक्तीवर मी पाच मिनिटं बोलले असते तर कुणाला काही आठवलं नसतं, घड्याळ मात्र सगळ्यांना दिसतं. तुमच्याकडे "सूर घराक ठेवन इलंस काय" आहे. ते कधी म्हणाले, कुणाला, त्या दिवशी काय बिनसलं होतं, आणि नंतर काय केलं, एवढं सांगा. सभागृहातल्या बायका हसतील. हसू द्या. श्रद्धांजली सभेत हसायचं नसतं असं सांगणारा एखादा भेटेल, त्याच्याकडे बघू नका. आणि शेवटी बोलणं संपवून, पेटीशिवाय, एक ध्रुवपद गा. तुम्ही सुरू केलंत की सभागृह उचलेल.

राहता राहिल्या काकू. तुम्ही लिहिलंय, त्या काहीच बोलत नाहीत. इतके सगळे विचारतायत, पुतळा हवा का, पेटी द्यायची का, कुठल्या तारखेला सभा. चाळीस-पन्नास वर्षं ज्या घरात सकाळी पेटी वाजायची तिथे आता शांतता आहे आणि लोक कमानीबद्दल विचारतायत, त्या काय बोलणार! तुम्ही काही विचारू नका. जाऊन बसा. ओट्यावर बसून कोकमं फोडायला लागा नाहीतर नारळ सोलून द्या. कुठलं गाणं सरांनी घरात पहिल्यांदा म्हणून दाखवलं, कुठल्या चालीला त्यांनी नाक मुरडलं, हे त्या आपसूक सांगतील. माझी खात्री आहे, निम्मे अंतरे काकूंना येत असतील. पोरांच्या आधी त्यांनी ऐकलेत.

जाण्याआधी मात्र ते उत्तर पाठवायचं राहिलंय. काकूंना आधी फोन करून सांगा, की सरांनी गेल्या वर्षी मला असं असं विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही, आता पाठवू का. त्या हो म्हणतील. मग स्वयंपाकघराचं दार लावा, मिक्सर बंद करा आणि तो अंतरा गाऊन पाठवा, जसा आठवतो तसा, मधे एखादी ओळ गाळली तरी गाळलेली. रात्री पाठवू नका, सकाळी पाठवा. सरांची पेटीची वेळ होती ना, त्या सुमाराला.